उंच टाचा, बुटक्या टाचा
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत झालेले व्याख्यान)



आजचा विषय कायदेमंडळातील पक्ष हा आहे. एखाद्या चालू पक्षाचे नाव घेतले की सभेतील निम्मे लोक कान टवकारतात आणि निम्मे कान झाकतात. मग विचार राहतो बाजूला आणि भांडण येते हाती. म्हणून मी आधी अशा एका देशाची हकीकत सांगणार आहे, की जो पृथ्वीच्या पाठीवर कोठेच नाही. तेथे आपला कोणी सोयरा नाही आणि कोणी वैरीही नाही. तेव्हा ती थंड डोक्याने ऐकता येईल.

त्या देशाचे नाव लिलिपुट. आयर्लंडातील डब्लिन शहरच्या एका मोठ्या देवळाचा मुख्य पाद्री जोनाथन स्विफ्ट याने १७२६ साली गलिव्हर नावाच्या खलाशी वैद्याच्या सफरींचे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात हा देश आहे. तेथील माणूस वीतभरही उंच नाही. पण माणूस लहान म्हणून त्याची भांडणे लहान असे मात्र नाही.

या वीतभर लोकांच्या राज्यात सत्तर महिन्यांपासून दोन पक्ष झुंजत आहेत. पक्षांतील भेद काय म्हणाल, तर जोड्याच्या टाचेचा! एक उंच टाचांचा पक्ष व दुसरा बुटक्या टाचांचा. उंच टाच ही जुन्या राज्यघटनेला धरून आहे असे म्हणतात, आणि त्या पक्षाची माणसेही जास्त आहेत. पण बादशहाची मर्जी बुटक्या टाचांवर, सबब सगळ्या नोकऱ्या व अधिकार बुटक्या टाचांच्या घरी. खुद्द बादशहाची टाच दरबारातील इतर सर्वांपेक्षा इंचाचा चौदावा हिस्सा तरी कमीच. दोन्ही पक्षांत वैर इतके, की एकमेकांबरोबर खाणेपिणे नाही आणि बोलणेही नाही. युवराजांनी मात्र भविष्याकडे नजर ठेवून एक टाच उंच व एक बुटकी केली आहे. त्यामुळे ते लंगडत चालतात!

दुसरे भांडण अंड्याचे. अंडे मोठ्या टोकाकडून फोडावे अशी जुनी चाल होती. एका राजपुत्राचे बोट त्यात कापले, म्हणून त्याच्या बापाने हुकूम काढला, की सर्वांनी लहान टोकाकडून फोडावे. यावरून सहा बंडे झाली. एका बादशहाचा प्राण गेला, दुसऱ्याचे तख्त गेले, आणि अकरा हजार माणसे मेली. धर्मग्रंथात पाहावे तर एवढेच सांगितले आहे, की ज्याला जे टोक सोयीचे त्याने त्या टोकाने फोडावे. पण ज्यांचे पोट भांडणावर भरते त्यांना असा सरळ अर्थ कसा परवडणार?

बंधूंनो, हसू येते ना? आता जरा दुसऱ्या बाजूने पाहा. गलिव्हर हा त्या लोकांच्या मानाने पर्वताएवढा राक्षस. त्याला रोज १७२८ माणसांचा शिधा लागे. हा शिधा कोठून आला? राजधानीभोवतालच्या गावांना हुकूम सुटला, की रोज सकाळी सहा बैल व चाळीस मेंढ्या आणून हजर कराव्या. किंमत म्हणून खजिन्यावरच्या चिठ्ठ्या मिळत. पुढे खजिनदारच बादशहापाशी रडू लागला, की तिजोरीत खडखडाट आहे आणि मोठा बट्टा सोसून कर्ज काढावे लागते. तिजोरीची ही दशा, तर त्या चिठ्ठीची किंमत काय ती ज्याने उधारीवर माल विकला आहे त्याला सांगावयास नको. सबंध हकीकतीत या शिध्याच्या हुकुमावरून उंच टाच आणि बुटकी टाच भांडल्याचे कोठेही लिहिलेले नाही. शेतकऱ्याच्या गोठ्यातला बैल जाताना दोन्ही पक्ष मुके. आणि जोडे शिवणाऱ्याला टाच उंच काय नि बुटकी काय, मजुरी तीच!

त्या देशात अधिकाराच्या जागा कशा मिळतात तेही ऐका. जागा रिकामी झाली की उमेदवार दोरीवर नाचून दाखवतात. जो न पडता जास्त उंच उडी मारील त्याला जागा. आपल्याकडे डोंबारी पोटासाठी दोरीवर चढतो, पडला तर हाड त्याचे मोडते. तेथे थोर लोक खुर्चीसाठी चढतात, आणि त्यांच्या कसरतीचा खर्च रयतेवर पडतो. दुसरी रीत अशी, की बादशहा हातात काठी धरतो. ती वर-खाली होईल तसे कोणी तीवरून उडी मारतो, कोणी खालून सरपटत जातो. जो हे चपळाईने करील त्याला निळा, तांबडा किंवा हिरवा रेशमी धागा कमरेला बांधावयास मिळतो. इंग्रजी अमलात आपल्याकडे रावसाहेब, रावबहादूर यांची जी रांग लागत असे ती ज्यांनी वाचली-ऐकली आहे, त्यांना हा धागा ओळखू येईल.

आता उलगडा करतो. लिलिपुटात लोकांनी निवडलेले कायदेमंडळ नाही, नुसता दरबार आहे. पण स्विफ्टची नजर होती लंडनच्या पार्लमेंटावर. तेथे त्या काळी टोरी व व्हिग असे दोन पक्ष होते. पहिला जॉर्ज राजा व्हिगांच्या बाजूचा आणि त्याचा युवराज दोन्हीकडे पाय ठेवून होता. स्विफ्ट स्वतः आधी व्हिगांत वावरला, १७१० पासून टोरींच्या कामी आला. म्हणजे त्याने दोन्ही जोडे पायात घालून पाहिले होते.

त्या पार्लमेंटात बसत कोण? बहुतेक जमीनदार. ओल्ड सेरम म्हणून एक ओसाड टेकडी होती, तिच्या नावाने दोन सभासद जात. मँचेस्टरसारखे कापडाचे मोठे शहर उभे राहिले तरी त्याला एकही सभासद नव्हता. ही व्यवस्था १८३२ सालापर्यंत चालली. अशा सभेत गरिबाचा प्रश्न आला म्हणजे टाचांचा भेद कोठे राहतो? १७२३ साली तेथे एक कायदा झाला, त्याला लोक काळा कायदाच म्हणत. तोंडाला काळे फासून राखीव रानात हरणे मारणाऱ्यांवर तो काढला होता. पण त्यात पन्नासांच्या घरात गुन्ह्यांना फाशी लावली गेली. बागेतले झाड तोडले, फाशी. तळ्याचा बांध फोडला, फाशी. गवताची गंजी पेटवली, फाशी. आणि हा कायदा पार्लमेंटात फारशी तक्रार न होता पास झाला! एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक रान राखावयाच्या कामी एकदिल झाले.

आणखी एक कायदा सांगतो, कारण त्याचा धागा आपल्या हिंदुस्थानच्या मागापर्यंत येतो. हिंदुस्थानचे छापील सुती कापड तेथील बायकांना फार आवडू लागले. त्यामुळे लोकर व रेशीम विणणाऱ्या इंग्रज विणकरांचे माग बसले. १७१९ साली ते रस्त्यावर उतरले व त्यांनी बायकांच्या अंगावरची छापील वस्त्रेसुद्धा फाडली. ते कृत्य निंद्यच होते. पण १७२१ साली पार्लमेंटाने छापील सुती कापड वापरण्यास बंदी केली, आणि ती १७७४ पर्यंत टिकली. इंग्रज विणकरांपैकी बहुतेकांना मत नव्हते, तरी त्यांचा गलबला पार्लमेंटाच्या कानी गेला. आमचा साळी, कोष्टी, छिपा, रंगारी मात्र त्या सभेपासून हजारो कोस दूर. त्याच्या पोटावर पाय आला, आणि त्याच्या वतीने ‘नको’ म्हणणारा तेथे त्याचा कोणी नव्हता. ज्या सभेत आपले माणूस नाही त्या सभेत आपल्या ताटाचा निकाल लागतो, हा त्यातला धडा.

तर मग पक्ष हे सगळे थोतांडच काय? नाही. खुद्द स्विफ्टचेच चरित्र पाहा. १७२२ साली वुड नावाच्या इंग्रज कारखानदाराला आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडण्याचा मक्ता मिळाला. आयर्लंडच्या कायदेमंडळाला कोणी विचारलेही नाही. १७२४ साली स्विफ्टने एका कापडवाल्याचे सोंग घेऊन पत्रके काढली. पहिले पत्रक दुकानदार, व्यापारी, शेतकरी आणि सामान्य लोक यांना उद्देशून होते. सांगणे सोपे होते: हे नाणे घेऊ नका. लेखकाचे नाव सांगणाऱ्यास ३०० पौंडांचे बक्षीस लागले. लेखक कोण हे डब्लिनमध्ये लोकांना ठाऊक होते, पण एकानेही सांगितले नाही. व्हिग असो की टोरी, नाणे कोणी घेईना. १७२५ साली मक्ता रद्द झाला. लोकांनी एका मुद्द्यावर गाठ बांधली की दोन्ही टाचा वाकतात त्या अशा.

आता आपल्या घरचे. १९१९ च्या सुधारणांनी मुंबई कौन्सिलात मराठे व तत्सम जातींसाठी सात जागा राखून मिळाल्या. ब्राह्मणेतर चळवळीतल्या ज्या पिढीने हा हक्क झगडून घेतला तिचे आपल्यावर ऋण आहे. पण जागा मिळाली म्हणजे काम झाले असे नाही. कोकणातली खोती घ्या. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती मोडण्याचे बिल आणले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिलावर चालून गेले. तरी खोती मोडण्याचा कायदा व्हावयास १९४९ साल उजाडले. खोतांत भटजी पुष्कळ होते हे खरे. पण मराठे होते, मुसलमानही होते. कुळाच्या खळ्यावर मापटे भरताना या साऱ्या खोतांची टाच एकाच उंचीची होती! म्हणून आमच्या चळवळीने परक्याची टाच मोजावी आणि आपल्या माणसाची झाकावी, हे सत्य शोधणाऱ्याला शोभत नाही.

१९५१–५२ च्या निवडणुकीपासून प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषाला मत आहे. लिलिपुटच्या शेतकऱ्याला ते नव्हते, ओल्ड सेरमच्या काळच्या इंग्रज मजुरालाही नव्हते. आता आपल्यापाशी ती सबब उरली नाही. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदीने पक्षाचा आदेश मोडणाऱ्या सभासदाची जागाच जाऊ शकते. म्हणून ‘मी तुमचाच, तुमच्यासाठी बोलेन’ एवढ्या उमेदवाराच्या शब्दावर भागत नाही. त्याच्या पक्षाचा हात कोणीकडे वर होणार हे आधी विचारले पाहिजे.

तेव्हा दारात मत मागणारा आला, की त्याला चहापाणी करा. तो आपल्या जातीचा असेल तर दोन घटका सुखदुःखही बोला. पण तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्याला उठू देऊ नका. शेतमालाच्या भावाचे, पाण्याचे व कर्जाचे बिल आले तेव्हा तुझ्या पक्षाने मत कोणीकडे दिले? कारागिराच्या मालाला व मजुरीला धक्का लागला तेव्हा तू सभेत होतास की बाहेर? आणि ज्या गोष्टीत दोन्ही पक्ष अगदी गोडीने एक झाले, ती कोणाच्या फायद्याची होती? कायदेमंडळाचे कामकाज छापले जाते. गावातल्या शिकल्या मुलामुलींनी ते वाचून चावडीवर सांगावे. एवढे केले तरी पुष्कळ टाचा आपोआप खाली येतील.

बंधुभगिनींनो, पक्ष जरूर निवडा. पक्षावाचून कायदेमंडळात एकट्या माणसाचे चालत नाही. पण निवडताना त्याचा जोडा पाहू नका. तो जोडा कोणाच्या शेतातून चालत गेला ते पाहा.