तुणतुण्याची एक तार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गाण्यासाठी मला पुष्कळदा बोलावतात. बोलण्यासाठी मात्र आज प्रथमच उभी केलीत. तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्या.

माझे वाद्य तुणतुणे. खाली कातडे मढवलेले लाकडी नळकांडे, बाजूला काठी आणि खुंटीला ताणलेली एक तार. सासूबाईंना ते मुळीच रुचले नाही. "गोंधळ्यांचे वाद्य सुनेच्या हाती कशाला?" आपल्या परभणीच्या राजारामबापू कदमांनी गोंधळाला केवढे नाव मिळवून दिले हे सांगून पाहिले; पण व्यर्थ!

एकदा ब्रह्मदेशातील सौंग ऐकले. नावेसारखे पोट, वर वाकलेली मान. इंग्रज अशा वाद्याला हार्प म्हणतात. मला ते अगदी परके वाटले. पण चौथ्या शतकातल्या समुद्रगुप्ताच्या नाण्यावर राजाच्या मांडीवर जी वीणा आहे ती याच जातीची, आणि मंडल्याकडच्या परधान लोकांचा बीनबाजाही तसलाच. मग परके कोणाला म्हणायचे?

तेव्हापासून ऐकेन ते गाणे शिकत गेले. शेजारच्या तेलुगू बाईंकडून बतुकम्माची, जिंतूरकडच्या तांड्यावर लमाण बायांची. माझे उच्चार ऐकून तिथल्या म्हाताऱ्या आधी पोट धरून हसायच्या, मग शिकवायच्या. तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात तर कव्वाली ऐकता ऐकता रात्र सरे.

या धावपळीत एक राहून गेले. माझी आई गंगाखेडची, जनाबाईंच्या गावची. तिच्या जात्यावरच्या ओव्या मी कधी लिहून घेतल्या नाहीत. घरच्याच ना त्या! हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतर खेडोपाडी फिरून लाखावर ओव्या जमवल्या, हे मी सर्वांना कौतुकाने सांगे. आणि आई शेजारच्या खोलीत बसलेली.

पुढे तिची स्मृती गेली. "आई, ओवी म्हण" म्हटले की नुसती पाही. शेवटी माळ्यावरचे जाते काढले, मूठभर ज्वारी घातली आणि तिचा हात खुंट्यावर ठेवला. जाते फिरले तशी ओवी आली! एक, दोन, तिसरी गोदेच्या पुराने माहेरची वाट अडल्याची. तिची पहिली ओळ झाली आणि हात थांबला. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनीच आत जाऊन तुणतुणे आणले आणि माझ्या हाती दिले. मी तार छेडीत राहिले. पण आई पुढे गेली नाही.

गंगाखेडच्या माहेरवाशिणी इथे पुष्कळ आहेत. चहाच्या वेळी ती ओळ म्हणून दाखवते. पुढची कोणाला येत असेल तर सांगा. वही आणली आहे.