सुकाणूचा दांडा

मोटारीला चाके चार असतात हे सर्वांना ठाऊक असते. हातातले चक्र आणि पुढची दोन चाके यांच्यामध्ये काय असते याची चौकशी मात्र ते बिघडेपर्यंत कोणी करीत नाही. मीही केली नव्हती.

माझी गाडी जुनी आहे. उंच बांध्याची, सात माणसे सामावून घेणारी, ज्या जातीला आज एस.यू.व्ही. म्हणतात त्या जातीची. तिचे नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नाही, वयाचा आहे. गेल्या पावसाळ्यात इंदूरहून धुळ्यास जाताना मानपूरच्या पुढे घाट उतरू लागलो, तो चक्र दोन बोटे फिरवले तरी गाडीला त्याची वार्ता नव्हती. मागे ऐंशी वर्षांची आई बसलेली. मी काही बोललो नाही. परतल्यावर मिस्त्रीने गाडी उचलून रॅकच्या टोकाचा रबरी बूट दाबला, आणि तेल त्याच्या मनगटावरून ओघळले.

स्टीअरिंग रॅक म्हणजे दाते पाडलेला पोलादी दांडा. चक्राच्या दांडीखालचे लहानसे दंतचक्र फिरले की हा दांडा डावी-उजवीकडे सरकतो आणि टायरॉडच्या द्वारे चाके वळवतो. कल्पना नवी नव्हे; २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या आपल्या ॲम्बॅसडरलाही रॅकच होता. पुढे त्याला तेलाच्या दाबाची जोड मिळाली आणि मनगटाचे श्रम वाचले. ऑइल सील झिजले की तेल गळते. दाते झिजले की चक्र सैल पडते. हे दाते मधोमध अधिक झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते.

नवा रॅक मिळेना. कामानिमित्त दिल्लीस जाणे होतेच, तेव्हा मायापुरीचा भंगार बाजार गाठला. तेथे मोटारी नाहीत, मोटारींचे अवयव आहेत: एका गल्लीत दारे, दुसरीत इंजिने. २०१० साली याच भंगारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ येऊन पडला आणि एका माणसाचा जीव गेला. वस्तू आली कोठून हे विचारण्याची सवय निदान येथे तरी असेल, असा माझा समज होता. मी विचारले की दुकानदार हसत.

मिस्त्रीने मला एक चिठ्ठी आणि सुतळीचा तुकडा दिला होता. सुतळीला दोन गाठी. त्यांतले अंतर म्हणजे रॅक बसविण्याच्या बोल्टांच्या भोकांमधले अंतर. पहिल्या दुकानदाराने गाडीचे नाव ऐकताच रॅक पुढे ठेवला. रूप तेच, पण भोक गाठीच्या बोटभर पलीकडे. कारखानदार नाव न बदलता आतले भाग बदलतात. म्हणून गाडी नोंदली केव्हा हे न पाहता घडली केव्हा हे पाहावे लागते. तो महिना आरसी पुस्तकात असतो. दुसऱ्याकडचा रॅक सुरेख होता, परंतु चक्र डावीकडे असलेल्या परदेशी गाडीचा. तिसरा बूट काढू देईना. बूट काढू न देणाऱ्याचा माल घेऊ नये, हे चिठ्ठीत लिहिलेलेच होते.

चौथा दुकानदार वृद्ध होता. “बाऊजी, आरामात बघा,” म्हणून त्याने मला बसायला स्टूल दिले. मी सुतळी लावली, गाठी जुळल्या. दंतचक्राच्या दांडीवरच्या खाचा मोजल्या, तेलाच्या नळ्यांची तोंडे पाहिली. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवून पाहिले: साडेतीन फेरे, माझ्या गाडीइतकेच, आणि वाटेत कोठे अडकणे नाही. अपघातात वाकलेला दांडा त्या एका जागी हमखास जड लागतो. बुटाच्या आत गंज नव्हता, तेलही नव्हते. भावाची घासाघीस मी फारशी केली नाही; हे घरी सांगितलेले नाही.

इंदुरास मिस्त्रीने ऑइल सील आणि टायरॉडची टोके तरीही नवी घातली. जुने तेल काढले, पुढची चाके अधांतरी ठेवून चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत कितीतरी वेळा फिरवले आणि आतली हवा घालवली. मग चाकांची अलाइनमेंट. दिवाळीत आईला घेऊन तोच घाट उतरलो. ती पूर्ण वेळ झोपली होती.

उतरवलेला रॅक मी मिस्त्रीजवळ मागितला. त्याने तो दिला नाही. दाते गेले असले तरी बाहेरचे कवच उपयोगी पडेल, म्हणाला, आणि पुसून फळीवर ठेवून दिला.