हिएशो : थंडीची एक जपानी तक्रार

जपानांत हिवाळ्याच्या रात्रीं एखादी गृहिणी दोन जाड पांघरुणांखालीं, पायांत लोकरी मोजे घालून निजते. तरी पाउलें गरम होत नाहींत आणि मध्यरात्र उलटली तरी तिचा डोळा लागत नाहीं. घरांतल्या इतरांस एवढी थंडी वाजत नाहीं. उष्णतामापक पाहावा तर पारा अगदीं ठराविक जागीं. डॉक्टर रक्त तपासतात आणि कांहींच दोष नाहीं असें सांगून तिला परत पाठवितात. मग हा रोग म्हणावा की मनाचा खेळ?

जपानी भाषेंत या दुखण्यास नांव आहे, हिएशो. ‘हिए’ म्हणजे गारवा. तक्रार करणाऱ्या बहुधा स्त्रियाच असतात. पाश्चात्य वैद्यकाच्या रोगनामावळींत याला स्वतंत्र जागा नव्हती. परंतु चीनमधून आलेल्या व जपानांत वेगळ्या वळणानें वाढलेल्या ‘काम्पो’ वैद्यकांत, रोगिणीला गार वाटतें एवढी गोष्टच चिकित्सेच्या आरंभास पुरते. पाऱ्यापेक्षां तिच्या शब्दाला येथें अधिक मान, आणि तोच या पद्धतीचा खरा गुण होय.

काम्पोचा वैद्य प्रथम विचारतो, गारवा कोठें? केवळ हातापायांच्या बोटांत, की कमरेखालीं, की सर्वांगास? कित्येक स्त्रियांचें तोंड तापतें आणि पाय मात्र बर्फासारखे असतात. मग तो नाडी व जीभ पाहतो आणि पोट हातानें चाचपतो. ही पोटाची परीक्षा जपानी वैद्यांनीं विशेष वाढविली. एकाच तक्रारीवर दोघींना दोन निराळे काढे मिळतात, तें यामुळें. हातपाय गारठून बोटें सुजत असतील तर इ. स. २०० च्या सुमाराच्या चिनी ग्रंथांतला एक काढा अजून देतात. त्यांत दालचिनी, आलें, ज्येष्ठमध अशीं आपल्या ओळखीचीं द्रव्यें आहेत. कांहीं काढ्यांत बचनागाच्या जातीचें मूळहि पडतें. तें विषारी असल्यामुळें शुद्ध करूनच वापरतात. घरगुती प्रयोगाला येथें जागा नाहीं!

हें वैद्यक एकदां बुडण्याच्या बेतांत आलें होतें. १८७४ सालीं जपानी सरकारनें पाश्चात्य वैद्यक स्वीकारलें, आणि १८९५ त जुन्या वैद्यांची मागणी तेथील संसदेनें फेटाळली. पुढें १९१० त वादा केइजुरो या नव्या विद्येच्याच डॉक्टरानें जुन्याची बाजू घेऊन ग्रंथ लिहिला. १९७६ पासून कित्येक काढे सरकारी विम्याच्या यादींत आले. आज त्यांची संख्या १४८ आहे, आणि ते देणारे डॉक्टर पाश्चात्य वैद्यकाचेच पदवीधर असतात.

हें बरेंच झालें म्हणावयाचें. कारण गार पायांच्या मागें कधीं पंडुरोग, कधीं गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचें मांद्य, तर कधीं रक्तवाहिन्यांचा विकार दडलेला असतो. तो आधीं शोधलाच पाहिजे. काढ्यांच्या गुणाविषयीं आधुनिक कसोटीवरचा पुरावा अजून तुटपुंजाच आहे, हेंहि लपवूं नये.

वैद्याकडे जाण्यापूर्वीं मात्र जपानी घर आपले उपाय करून पाहतेंच. पोटाला ‘हारामाकी’ नांवाचा उबदार पट्टा, अंथरुणांत ऊन पाण्याचें भांडें, आल्याचा गरम पेला. आणि वर्षांतल्या सर्वांत लहान दिवशीं स्नानाच्या कढत पाण्यांत ‘युझु’ नांवाचीं पिवळीं, लिंबासारखीं सुवासिक फळें तरंगत सोडतात, व गळ्यापर्यंत त्यांत बसून राहतात.