शाईची वर्गणी आणि अडलेला प्रिंटर

जबलपूरहून, तिलवाऱ्याहून बोलतो आहे.

घरचा प्रिंटर घेताना काय पाहावं यावर मागे एकदा बोललो होतो. त्यानंतर जे प्रश्न आले, त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसला. विचारणारे बहुतेक साठी-सत्तरीतले आणि मुलांकडे परदेशी राहायला गेलेले. मुलगा-सून कामावर, घरात आपण दोघंच. विम्याचा कागद छापायचा आहे, किंवा परतीचं तिकीट, किंवा डॉक्टरांचा रिपोर्ट. कार्ट्रिजमध्ये शाई आहे, कागद घातलेला आहे, आणि तरी प्रिंटर म्हणतो, हे कार्ट्रिज वापरता येणार नाही. "साहेब, शाई असून छापत नाही म्हणजे काय?" असा प्रश्न.

आज त्याबद्दल सांगतो. यातल्या दहापैकी बऱ्याच तक्रारींचं मूळ यंत्रात नसतं, करारात असतं. तो करार आधी समजून घ्या, म्हणजे उगाच प्रिंटर उघडून बसायला नको.

आपल्याकडे घरोघरी आता टाकीवाले प्रिंटर आहेत. बाटली आणायची, टाकीत ओतायची. ती शाई आपली. परदेशात बऱ्याच घरांत वेगळी पद्धत असते. तिथे शाईची वर्गणी भरतात. एचपी कंपनीची 'इन्स्टंट इंक' ही त्यांतली सगळ्यांत माहितीची. अमेरिकेत ती 2013 मध्ये सुरू झाली. एप्सनची 'रेडीप्रिंट', कॅननची 'पिक्स्मा प्रिंट प्लॅन' या तशाच सेवा. यात तुम्ही शाई विकत घेत नाही. महिन्याला अमुक पानं छापण्याचा हक्क विकत घेता. शाई संपत आली की प्रिंटर स्वतःच इंटरनेटवरून कंपनीला कळवतो आणि नवं कार्ट्रिज टपालाने घरी येतं.

जबलपूरकरांना हे नवं वाटू नये. आमच्याकडे उच्च न्यायालयाच्या आसपास टायपिंग-झेरॉक्सची दुकानं आहेत. असल्या दुकानांत भाड्याचं मशीन असतं. मशीन दुसऱ्याचं, टोनर दुसऱ्याचा, दुकानदार मीटर बघून प्रति पान पैसे देतो. घरातली शाईची वर्गणी म्हणजे तेच, फक्त मीटर वाचायला माणूस येत नाही. मीटर इंटरनेटवरून वाचला जातो.

फौजेत सामानाच्या दोन नोंदी असतात. एक तुमच्या चार्जवर आलेलं सामान आणि दुसरं लोनवर दिलेलं. लोनवरची वस्तू तुमच्या हातात असते, तुमच्या कपाटात असते, पण मुदत संपली की परत. वर्गणीचं कार्ट्रिज हे लोनवरचं सामान आहे. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं उलगडतं.

ही सेवा तीन गोष्टींवर उभी आहे. प्रिंटर नेटला जोडलेला हवा. दर महिन्याचे पैसे पोचायला हवेत. आणि आत बसवलेलं कार्ट्रिज त्या खात्याचं, त्या प्रिंटरसाठीचं हवं. तिन्हींपैकी एक सुटलं की छपाई थांबते, मग आत शाई कितीही असो. म्हणून तपासणी याच क्रमाने करा: नेट, पैसे, कार्ट्रिज. यंत्र सगळ्यांत शेवटी.

पहिलं नेट. घरात राउटर बदलला, वाय-फायचा पासवर्ड बदलला, की फोन आणि लॅपटॉप आपण लगेच जोडतो. प्रिंटर कोपऱ्यात विसरला जातो. तो लगेच बंद पडत नाही, काही दिवस छापत राहतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. मग एक दिवस थांबतो. कारण बरेच दिवस कंपनीशी त्याचं बोलणंच झालेलं नसतं. किती पानं छापली ते तिकडे कळत नाही, शाई किती उरली ते कळत नाही, आणि त्यामुळे नवं कार्ट्रिजही निघत नाही. "टपालाने येणारं कार्ट्रिज आलंच नाही" या तक्रारीच्या मागेही पुष्कळदा हेच असतं. दुसरं कारण म्हणजे घर बदललं आणि खात्यात जुनाच पत्ता राहिला.

करायचं काय? राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. तो पूर्ण सुरू झाला की प्रिंटर बंद करून चालू करा. मग प्रिंटरच्या सेटिंगमध्ये वायरलेसच्या खाली घरच्या वाय-फायचं नाव दिसतं का पाहा. साधे घरगुती प्रिंटर बऱ्याचदा 2.4 गिगाहर्ट्झच्याच वाय-फायला जोडतात. राउटरवर दोन नावं दिसत असतील, एकापुढे '5जी' लिहिलेलं असेल, तर प्रिंटरसाठी दुसरं निवडा. पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय असेल तर प्रिंटर त्यावर ठेवू नका, तुमचा फोन एका जाळ्यावर आणि प्रिंटर दुसऱ्यावर असं होतं. एचपीच्या प्रिंटरमध्ये 'वेब सर्व्हिसेस' नावाची एक सोय असते, ती चालू आहे ना तेही पाहा. वाय-फाय चालू आणि वेब सर्व्हिसेस बंद असेल, तर फोनवरून छपाईचा हुकूम पोचतो, पण कंपनीकडे हिशेब जात नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. "मला इंटरनेटवरून काही छापायचंच नाही, फाइल माझ्या लॅपटॉपमध्ये आहे, मग नेट कशाला?" असं एका काकांनी विचारलं. नेट तुमच्या फाइलसाठी नको आहे. मीटर वाचण्यासाठी हवं आहे.

दुसरं पैसे. कार्डाची मुदत संपली, कार्ड हरवलं म्हणून बँकेने नवं दिलं, मुलाने बँक बदलली. वर्गणी जुन्या कार्डावर राहते, पैसे जात नाहीत, कंपनी ईमेल पाठवते. ती ईमेल मुलाच्या अशा पत्त्यावर जाते, जो तो महिन्यातून एकदा उघडतो. काही दिवसांनी कार्ट्रिज बंद. त्यामुळे प्रिंटर उघडण्याआधी मुलाला एक मेसेज करा: "खात्यात पैसे भरल्याची नोंद आहे का बघ." पैसे भरले, प्रिंटर नेटवर असला, की कार्ट्रिज पुन्हा चालू होतं.

भारतातलं कार्ड अशा कोणत्याही मासिक वर्गणीला जोडलेलं असेल, मग ती शाईची असो, सिनेमांची असो की वर्तमानपत्राची, तर रिझर्व्ह बँकेचे नियम लागू होतात. हे नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून सक्तीचे झाले. आपोआप पैसे कापण्याची परवानगी आधी ओटीपी देऊन नोंदवावी लागते. दर वेळी पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. ओटीपीशिवाय कापता येण्याची मर्यादा आधी 5,000 रुपये होती, जून 2022 मध्ये सर्वसाधारण वर्गण्यांसाठी ती 15,000 करण्यात आली. परदेशी कंपनीने अशी परवानगी नोंदवलेली नसेल तर भारतीय कार्डावरचे पैसे अडतात, आणि दोष कार्डाचा किंवा खात्यातल्या शिलकीचा नसतो. ती 24 तास आधीची सूचना जाहिरात समजून पुसून टाकू नका. नको असलेली वर्गणी थांबवायची संधी तीच असते.

पैशाचाच दुसरा प्रश्न: "बिल जास्त का आलं?" वर्गणीत पान म्हणजे पान. दोन ओळींचं पत्र एक पान आणि नातवाचा पानभर रंगीत फोटोही एकच पान. कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलं तर दोन पानं. ठरलेल्या पानांपेक्षा जास्त छापलं की पुढच्या पानांचे वेगळे पैसे लागतात. उरलेली पानं पुढच्या महिन्यात जमा होतात, पण त्यालाही मर्यादा असते. म्हणून साधी गोष्ट: फोटो, रंगीत नकाशे छापणाऱ्यांना ही वर्गणी परवडते. महिन्याला चार अर्ज छापणाऱ्यांना तिचा फारसा उपयोग नाही.

तिसरं कार्ट्रिज. प्रत्येक कार्ट्रिजवर एक छोटी चिप असते आणि प्रिंटर ती वाचतो. वर्गणीचं कार्ट्रिज त्या खात्याला बांधलेलं असतं. ते शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलच्या प्रिंटरमध्ये घातलं, आणि त्या प्रिंटरची वर्गणी नसली, तर चालत नाही. मुलाने जुना प्रिंटर टाकून नवा घेतला आणि खात्यात प्रिंटर बदलल्याची नोंद केली नाही, तरी हीच अडचण येते.

चिपची भानगड वर्गणीच्या बाहेरही आहे. सप्टेंबर 2016 मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी एके दिवशी अचानक इतर कंपन्यांची कार्ट्रिजं नाकारली. प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आधीच घातलेली होती. खूप ओरड झाल्यावर कंपनीने ती काढण्याची सोय दिली. पुढे डिसेंबर 2020 मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने, या बंधनांची ग्राहकांना नीट कल्पना दिली नाही म्हणून, एचपीला 1 कोटी युरोचा दंड केला. म्हणून प्रिंटर विकत घेताना खोक्यावरचा बारीक मजकूर वाचा. 'एचपी प्लस' असं लिहिलेले प्रिंटर कायम नेटवर आणि कायम कंपनीच्याच शाईवर चालवायची अट घालतात.

सगळ्यांत जास्त वाद होतात ते वर्गणी बंद केल्यावर. मुलगा म्हणतो, "बाबा, बंद केली वर्गणी, पण कार्ट्रिज अर्धं भरलेलं आहे, ते संपेपर्यंत वापरा." ते चालत नाही. चालू महिन्याची मुदत संपेपर्यंत छापता येतं, त्यानंतर ते कार्ट्रिज थांबतं. लोनचं सामान परत गेलं. यावर एकच उपाय: वर्गणी बंद करण्याआधी दुकानातून त्याच मॉडेलचं साधं कार्ट्रिज आणून ठेवा. मुदत संपली की ते घाला, प्रिंटर पूर्वीसारखा चालतो. प्रिंटर कोणाला द्यायचा असेल तर आधी खात्यातून काढा.

आता शेवटी यंत्र. नेट ठीक, पैसे ठीक, कार्ट्रिज योग्य, आणि तरी कागदावर पांढऱ्या रेघा येतात किंवा एखादा रंगच येत नाही, तर दोष शाईच्या बारीक छिद्रांचा. जबलपूरच्या मे महिन्यात हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही. पंधरा-वीस दिवस न छापता ठेवला की शाई तोंडाशी वाळते. प्रिंटरच्या मेन्यूमध्ये 'क्लीन प्रिंटहेड' असतं, ते एकदा, फार तर दोनदा करा. पाच-सहा वेळा करू नका, प्रत्येक वेळी शाई वाया जाते. आठवड्यातून एक रंगीत पान छापत राहिलं तर ही वेळ येत नाही. खूण लक्षात ठेवा: छपाई खराब आली तर दोष यंत्राचा, छपाई मुळीच नाकारली तर आधी करार बघा.

आता जे सांगतो, त्याच्यासाठीच मी हा भाग केला. प्रिंटर अडला की माणूस घाबरून फोनवर "प्रिंटर हेल्पलाइन नंबर" असं शोधतो. वर जे नंबर येतात त्यांतले कित्येक ठगांचे असतात. समोरचा गोड बोलतो, "काका, मी दोन मिनिटांत करून देतो," आणि फोनमध्ये 'एनीडेस्क' किंवा 'टीमव्ह्यूअर' घ्यायला सांगतो. ही ॲप्स वाईट नाहीत, पण त्यांतून तुमची स्क्रीन त्याच्या हातात जाते. मग "दहा रुपये भरून नोंदणी करा" म्हणतो. तुम्ही बँकेचं ॲप उघडता, तो बघत असतो. प्रिंटर राहतो बाजूला आणि पेन्शनचं खातं रिकामं होतं.

तेव्हा नियम असा. मदतीचा नंबर शोधून घ्यायचा नाही. प्रिंटरसोबत आलेल्या कागदावरचा, किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधला घ्यायचा. प्रिंटर दुरुस्त करायला कोणालाही तुमचा ओटीपी, पिन किंवा बँकेचं ॲप लागत नाही. आणि भारतातल्या खात्यातून पैसे गेलेच, तर लाज न बाळगता त्याच क्षणी 1930 वर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते. सकाळी मुलाला विचारून बघू, असं म्हणत रात्र घालवू नका.

मुलांकडे जाणाऱ्यांसाठी एक काम सांगतो. पोचल्यावर पहिल्याच रविवारी मुलाला समोर बसवून एका चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहून घ्या: प्रिंटरचं मॉडेल, वर्गणी आहे की नाही, महिन्याला किती पानं, वाय-फायचं नाव, आणि कंपनीचा खरा मदत क्रमांक. पासवर्ड त्यावर लिहू नका. चिठ्ठी प्रिंटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. आणि तिकीट, विमा, औषधांची यादी असे कागद गरज पडण्याच्या आदल्या आठवड्यातच छापून फाइलमध्ये ठेवा. ते निघायच्या सकाळवर ठेवू नका.

तुमचा प्रिंटर वेगळंच काही सांगत असेल, तर त्याच्या स्क्रीनवरचे शब्द जसेच्या तसे लिहून पाठवा. "चालत नाही" एवढंच लिहिलंत तर मला काही सांगता येणार नाही. पुढच्या भागात फोनवरून कागद स्कॅन करण्याबद्दल बोलू. नमस्कार.