कालचं कसं गेलं रे?



'शाळेने काय दिलं' यावर मला पाच मिनिटं मिळाली आहेत. मी एकाच फाइलबद्दल बोलणार आहे.

संगणक कक्षातली ती दोन यंत्रं आठवतात ना? चपला बाहेर काढून आत जायचो. शाळा सुटल्यावर सर आम्हा चार-पाच जणांना टर्बो सी शिकवायचे. दहावीत सहामाहीचे गुण संगणकावर घ्यायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. शुक्रवारी मी 'अ' तुकडीचे गुण भरले, शनिवारी 'ब'चे. फाइल उघडून पाहतो तर 'ब' तुकडी जागेवर आणि 'अ' तुकडी गायब!

चूक एका अक्षराची होती. सी भाषेत एफओपनने फाइल उघडताना कशासाठी उघडतोय ते सांगावं लागतं. 'ए' दिलं तर नवं लिखाण जुन्याच्या शेवटी जोडलं जातं. 'डब्ल्यू' दिलं तर त्या नावाची जुनी फाइल आधी रिकामी होते, काहीही न विचारता, आपण एक अक्षर लिहायच्याही आधी. मी दोन्ही दिवस 'डब्ल्यू' दिलं होतं.

सरांना सांगितलं, "सर, मध्येच लाइट गेली."

सर रागावले नाहीत. त्यांनी फळ्यावर एक बादली आणि एक टाकी काढली. एफप्रिंटएफने लिहिलेलं थेट डिस्कवर जात नाही. आधी मेमरीतल्या बफरमध्ये साठतं. आमच्या टर्बो सीत तो 512 बाइटांचा. बादली भरली की टाकीत ओतायची. एफफ्लशने ती भरायच्या आधीही ओतता येते, आणि एफक्लोज उरलंसुरलं ओतून फाइल बंद करतं. त्याआधी लाइट गेली तर बादलीतलं सांडलं. मग खडू खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे लाइट गेली तर आजचं जाईल. कालचं कसं गेलं रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कपाटातून गुणांची वही काढून दिली. मागच्या रांगेत आत्ता जो हसतोय, तो आकडे वाचत गेला आणि मी भरत गेलो, अंधार पडेपर्यंत. स्वतःचे गणिताचे गुण त्याने फार हळू आवाजात वाचले, हेही आज सांगून टाकतो.

नोकरीत आजही हेच काम करतो. जुन्या फाइलवर थेट लिहीत नाही. आधी वेगळ्या नावाने नवी लिहायची, एफक्लोजने काही चूक कळवली का ते पाहायचं, आणि मगच नाव बदलून ती जुनीच्या जागी आणायची. डिस्क भरलेली असेल तर कधीकधी ते एफक्लोजलाच कळतं, पण नवी मुलं त्याचं उत्तर बघतच नाहीत. त्यांच्यासाठी मी फळ्यावर बादली काढतो.

सर, त्या शनिवारी लाइट गेली नव्हती.

आजच्या संमेलनाची नावनोंदणी हौसेने सीमध्येच केली आहे. फाइल 'ए'ने उघडली आहे, आणि छापील यादी सकाळीच सरांच्या हातात दिली आहे.