घरातली हळद आणि एकच लेन्स: १६ घ्यावी की २३?

आजचा भाग एका श्रोत्याच्या मेसेजवर आहे.

तो लिहितो, "दादा, सेकंडहँड मिररलेस कॅमेरा घेतला. एपीएस-सी सेन्सर आहे, सोबत किट लेन्स आली. दिवाळीच्या बोनसमधून एकच लेन्स घेता येईल. मार्गशीर्षात ताईचं लग्न आहे. हळद घरातच, चाळीतल्या खोलीत. सगळे म्हणतात १६ एमएम, एफ १.४ घे. घेऊ का?"

बघा, हळद एकदाच लागते. तिथे 'ताई, परत एकदा' म्हणता येत नाही. आणि बोनसही वर्षातून एकदाच येतो. म्हणून घाईने हो किंवा नाही म्हणण्याऐवजी नीट हिशोब करू.

आधी वाइड म्हणजे किती वाइड? एक सोपी युक्ती सांगतो. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ मिलिमीटर रुंद असतो. कॅननचा थोडा लहान. आता लेन्स २३ एमएमची असेल, तर समोरचा माणूस जितक्या फुटांवर, जवळपास तितकेच फूट रुंदी फ्रेममध्ये येते. सात फुटांवर ताई बसलीय, तर सात फूट रुंद चित्र. १६ एमएमला तेच अंतर दीडपट होतं, म्हणजे दहा फूट. आणि ३५ एमएमला? पाच फुटांपेक्षाही कमी. म्हणजे ताई आणि फार तर हळद लावणारी काकू. बाकीच्या बायका बाहेर.

तेव्हा टेप घ्या, खोलीत भिंतीला पाठ लावा आणि पाट मांडणार त्या जागेपर्यंत मोजा. अर्धा निर्णय तिथेच होतो.

आता फास्ट म्हणजे काय? लेन्स पळत नाही, ती जास्त प्रकाश आत घेते. त्यामुळे शटर फास्ट ठेवता येतं, म्हणून ते नाव. किट लेन्स वाइडला एफ ३.५ असते, झूम केलं की बहुतेक वेळा एफ ५.६ पर्यंत जाते. एफ ३.५ च्या तुलनेत एफ १.४ ला सहापटीहून थोडा जास्त प्रकाश मिळतो.

समजा खोलीत किट लेन्सवर आयएसओ १६०० ला शटर १/३० येतंय. हळद लावणारा हात त्यात हललेला दिसणार. एफ १.४ ला तेच शटर १/२०० च्या आसपास जाईल. पण थांबा! आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. स्वस्तातले एलईडी आणि जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण फास्ट शटरवर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. म्हणून शटर १/१०० वर ठेवा आणि उरलेला फायदा आयएसओ कमी करायला वापरा. १६०० वरून ८०० वर या. हात बऱ्यापैकी थांबेल, पट्टे टळतील आणि ताईच्या चेहऱ्यावरचा पिवळा रंग स्वच्छ येईल.

इथे काही जण विचारतील, "फोनचा नाइट मोड आहे की!" आहे ना. पण तो एकामागून एक बऱ्याच फ्रेम घेऊन जोडतो. देवघर, पणत्या, रांगोळी यांच्यासाठी झकास. हसणाऱ्या, हात हलवणाऱ्या माणसांसाठी मात्र बेभरवशाचा.

आता ब्लरबद्दल. एफ १.४ म्हटलं की लोकांना मागचं सगळं विरघळलेलं हवं असतं. वाइड लेन्सवर तसं फारसं होत नाही. १६ एमएम, एफ १.४, दोन मीटरवर फोकस, तर जवळपास ९० सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट राहतो. ३५ एमएमला त्याच अंतरावर, त्याच एफ १.४ ला जेमतेम २० सेंटीमीटर. म्हणजे पोर्ट्रेटवाल्याला १६ निराश करेल, पण घरातल्या कार्यक्रमात ती उलट उपयोगाची. पुढे ताई, मागे आत्या, दोघी स्पष्ट.

मग १६ च का घेऊ नये? कारण कडा. वाइड लेन्स फ्रेमच्या टोकाला असलेली गोष्ट बाहेर ओढते. भिंत असेल तर चालतं. आजी टोकाला बसली असेल तर तिचा चेहरा रुंद होतो, हात जाडजूड दिसतात. हा लेन्सचा बिघाड नाही, हा भूमितीचा नियम आहे, महागडी लेन्ससुद्धा त्यातून सुटत नाही. १६ वापरायची असेल तर माणसं मधल्या भागात ठेवा, कडेला दार, तोरण, भांडी येऊ द्या.

आणखी एक. तुमच्या फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ एमएमइतकं दृश्य दाखवतो. क्रॉप धरला तर एपीएस-सीवर १६ एमएम म्हणजे तेच २४. म्हणजे १६ चं दृश्य तुम्ही रोज बघताच. २३ मध्ये दृश्य ३५ एमएमसारखं, जरा जवळचं आणि चेहऱ्यांना सांभाळून घेणारं.

प्रत्यक्ष नावं घ्यायची तर सिग्माची १६ एमएम एफ १.४ बरीच वर्षं लोकांच्या हातात आहे, वजन ४०० ग्रॅमच्या आसपास. त्याच मालिकेत २३ एमएम एफ १.४ सुद्धा २०२३ मध्ये आली. दोन्हींमध्ये स्टॅबिलायझेशन नाही, कॅमेऱ्यात नसेल तर व्हिडिओत हात हललेला दिसेल. सॅमयांगची १२ एमएम एफ २ ची मॅन्युअल फोकसवाली लेन्स आकाशगंगेसाठी लोक आवडीने घेतात, पण हळदीत फोकस रिंग फिरवत बसायला वेळ नसतो.

सेकंडहँड घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च लावून लेन्सच्या आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात ती हमखास धरते. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी नको. आणि स्वतःची लेन्स सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात ठेवा.

तर भाऊ, तुझं उत्तर. आज रात्री किट लेन्स १६ वर ठेव, ट्यूबलाइटमध्ये घरच्यांचे वीस फोटो काढ. मग २३ वर ठेवून आणखी वीस. अंधारलेले, हललेले येऊ देत, फक्त फ्रेम बघ. २३ मध्ये पाट आणि भोवतालच्या बायका मावत असतील तर २३ विकत घे, कारण हळदीनंतरही ती घरात, रस्त्यावर, सणावाराला चालेल. मावत नसतील तर हळदीपुरती १६ भाड्याने आण. मुंबईत, पुण्यात एका दिवसासाठी लेन्स मिळते. दोन दिवस आधी आण आणि सराव कर. हां, गडावर रात्री तारे टिपायचा नाद असेल, तर मात्र १६ विकत घे. तिथे ती वीसेक सेकंद उघडी ठेवली तरी तारे फारसे ओढले जात नाहीत.

आणि एक शेवटचं. हळदीचे हात कॅमेऱ्याला लावू नकोस. तू भाऊ आहेस, तुलाही हळद लावायचीय. तेव्हा कॅमेरा पाच मिनिटं कुणाकडे तरी दे आणि त्या फोटोत तूही ये.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात!