हत्यारें वांटणारा कारखाना

एखाद्या कसबी सुताराची गोष्ट मनांत आणावी. कपाटें आणि खुर्च्या करून विकणें हा त्याचा धंदा. काम करतां करतां त्यानें स्वतःच्या सोयीसाठीं नव्या धर्तीचा एक रंधा तयार केला आणि त्या रंध्यानें आठ दिवसांचें काम दोन दिवसांत होऊं लागलें. आतां तो सुतार त्या रंध्याचें काय करील? बहुधा रोज संध्याकाळीं तो पेटींत घालील आणि पेटीला कुलूप लावील. पेठेंतल्या इतर सुतारांच्या दृष्टीस तो पडूं नये अशी खबरदारी घेईल. जगाची रीतच अशी आहे आणि तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पोट सर्वांनाच आहे. परंतु समजा, त्यानें तो रंधा दुकानाच्या ओट्यावर ठेवला आणि वर पाटी लावली कीं, ज्याला पाहिजे असेल त्यानें याच्यासारखा दुसरा करून घ्यावा, त्यांत सुधारणा करावी, त्याच्यावर केलेलें कपाट खुशाल विकावें. मोबदला कांहीं नको. तर शेजारीपाजारी काय म्हणतील? थोडेसे त्याला साधु म्हणतील, पुष्कळसे वेडा म्हणतील.

अमेरिकेंतील शिकागो शहरांत एका लहानशा कंपनीनें इ. स. २००४ मध्यें जवळजवळ असेंच केलें. ही कंपनी साधूंची नव्हती आणि वेड्यांचीहि नव्हती. नफा मिळवावा या हेतूनेंच ती निघालेली होती. म्हणूनच तिची हकीकत समजून घेण्यासारखी आहे. विद्या दिल्यानें वाढते असें शाळेंत सर्वांनाच शिकवितात. परंतु जी विद्या पोटाचें साधन आहे, ती देऊन टाकल्यावर पोट भरतें कीं उपाशी राहतें, हा प्रश्न शाळेच्या भिंतींबाहेरचा आहे. आणि त्याचें थोडेंफार उत्तर या हकीकतींत सांपडतें.

कंपनीचें नांव थर्टीसेव्हन सिग्नल्स, म्हणजे सदतीस संकेत. या नांवाची उत्पत्ति रेडिओच्या श्रोत्यांना मौजेची वाटेल. अवकाशांत आणखी कोठें बुद्धिमान प्राणी असल्यास त्यांचे संदेश ऐकूं येतात कीं काय, याचा शोध पॉल होरोविट्झ या शास्त्रज्ञानें रेडिओ दुर्बिणीच्या साहाय्यानें केला. असंख्य लहरींची छाननी केल्यावर ३७ संकेत असे उरले कीं, त्यांचा उलगडा होईना. गोंगाट फार आणि त्यांत अर्थ असण्याचा संभव फार थोड्यांत, हा बोध त्यांतून घेण्यासारखा होता. जेसन फ्रीड, कार्लोस सेगुरा आणि अर्नेस्ट किम यांनीं १९९९ सालीं ही संस्था काढली. दुसऱ्या व्यापाऱ्यांच्या वेबसाइटींची आखणी करून देणें हें तिचें काम. त्या काळीं वेबसाइट जितकी भपकेबाज तितकी ती चांगली, अशी समजूत होती. ही मंडळी मात्र साधेपणाचा आग्रह धरीत.

कामें वाढलीं तशी एक अडचण उभी राहिली. गिऱ्हाइकांचीं पत्रें, नमुने, सूचना आणि तारखा यांचा इतका ढीग होऊं लागला कीं, कोणतें काम कोठवर आलें आहे हेंच कळेना. तेव्हां सर्व कामांची नोंद एके ठिकाणीं राहावी म्हणून त्यांनीं स्वतःपुरतें एक साधन करावयाचें ठरविलें. त्याचा प्रोग्राम लिहिण्याचें काम डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन या डॅनिश तरुणाकडे दिलें. हॅन्सन हे त्या वेळीं कोपनहेगन येथें विद्यार्थी होते. शिकागो आणि कोपनहेगन येथल्या घड्याळांत सात तासांचें अंतर. एकीकडे दुपारच्या जेवणाची वेळ, तर दुसरीकडे दिवेलागण होऊन गेलेली. शिवाय हॅन्सन यांच्यापाशीं या कामाला आठवड्याचे दहाच तास मोकळे होते.

या दहा तासांनींच पुढल्या गोष्टीला वळण दिलें. वेळ मुबलक असला म्हणजे माणूस तेंच तेंच काम पुनःपुन्हां करीत राहतो. वेळ तुटपुंजा असला म्हणजे वायां जाणारें प्रत्येक पाऊल त्याला डाचूं लागतें. हॅन्सन यांनीं या कामासाठीं रूबी नांवाची प्रोग्राम लिहिण्याची भाषा निवडली. जपानमधील युकिहिरो मात्सुमोतो यांनीं ती १९९५ सालीं लोकांपुढें मांडलेली होती. परंतु पाश्चात्य देशांत वेबच्या कामासाठीं ती फारशी कोणी वापरीत नसे. त्या भाषेंत काम करतां करतां हॅन्सन यांनीं जीं कामें प्रत्येक वेबसाइटीला करावींच लागतात तीं निराळीं काढलीं. वाचकाची मागणी घेणें, सांठ्यांतून हवी ती माहिती आणणें, तिचें पान तयार करून पाठविणें, हीं तीं कामें. यांची एक बळकट चौकट त्यांनीं बनविली. तिलाच पुढें रूबी ऑन रेल्स असें नांव पडलें. रेल्स म्हणजे रूळ.

या चौकटीचें मर्म एका घरगुती दाखल्यानें ध्यानांत येईल. नीट लावलेल्या स्वयंपाकघरांत मिसळणाचा डबा, मिठाची बरणी, पळ्या, झारे यांच्या जागा ठरलेल्या असतात. नव्या सुनेला त्या एकदां दाखविल्या कीं पुरे. रोज सकाळीं तिला चिठ्ठी लिहून द्यावी लागत नाहीं. संगणकाला मात्र त्या काळच्या पुष्कळ साधनांत अशी चिठ्ठी पदोपदीं लिहून द्यावी लागे. अमुक वस्तु अमुक ठिकाणीं आहे हें सांगण्यांतच कारागिराचा निम्मा दिवस जाई. रेल्समध्यें वस्तूंच्या जागा व नांवें यांचा संकेत आधींच ठरवून टाकलेला होता. संकेत पाळावा आणि चिठ्ठ्या वांचवाव्या, इतकेंच तें तत्त्व.

फेब्रुवारी २००४ मध्यें कंपनीनें आपलें साधन बेसकॅम्प या नांवानें, मासिक वर्गणी घेऊन, इतरांनाहि खुलें केलें. वर्षअखेर महिना पांच हजार डॉलर मिळाले तरी पुष्कळ झालें, अशी चालकांची अपेक्षा होती. ती अवघ्या सहा आठवड्यांच्या सुमारास पुरी झाली. आणि धंद्याला असा जम बसत असतांनाच, त्याच सालच्या जुलै महिन्यांत, ज्या चौकटीवर बेसकॅम्प उभें होतें ती चौकट त्यांनीं जगाला देऊन टाकली.

देऊन टाकली म्हणजे नेमकें काय केलें, हें पाहिलें पाहिजे. सॉफ्टवेअर विकणारा व्यापारी सामान्यतः चालणारा प्रोग्राम विकतो. तो कसा लिहिला आहे तें गुप्त ठेवतो. तयार औषध द्यावें आणि कृति सांगूं नये, तसा हा प्रकार. याच्या उलट लिहिलेला मजकूरच उघड करावयाचा, या रीतीला ओपन सोर्स म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ मध्यें लिनक्स प्रसिद्ध केलें. ओपन सोर्स हें नांव १९९८ मध्यें रूढ झालें. रेल्सला जो एमआयटी परवाना लावलेला आहे, त्याच्या अटी थोडक्या आहेत. वापरावें, बदलावें, वांटावें, विकावें. मूळ हक्काची नोंद आणि परवान्याचा मजकूर मात्र कायम ठेवावा, आणि वस्तूंत दोष निघाल्यास देणाऱ्याला जबाबदार धरूं नये.

प्रतिस्पर्धी याच चौकटीवर दुसरें बेसकॅम्प उभें करूं शकला असता. हें भय खरें होतें. परंतु दुसरी बाजूहि खरी होती. रूबी भाषा त्यांना फुकट मिळालेली, माहितीचा सांठा ठेवण्याचें साधन फुकट मिळालेलें. कोणा परक्यानें दिलेल्या हत्यारांवरच त्यांचा कारखाना चालला होता. घेतलें तेव्हां संकोच वाटला नाहीं; मग देतांना हात आंखडता कां घ्यावा? शिवाय त्यांनीं सर्वस्व दिलें असेंहि नाहीं. बेसकॅम्प त्यांनीं स्वतःपाशीं ठेवलें. गिऱ्हाईक पैसे देतें तें कपाटाला, रंध्याला नव्हे. हा विवेक त्यांच्यापाशीं होता. औदार्याला हिशेबाची जोड असली म्हणजे तें टिकतें.

यानंतर कंपनीचें दैनंदिन जीवन पालटलें. दूरदूरच्या अनोळखी माणसांचीं पत्रें येऊं लागलीं. कोणी चूक दाखवी, कोणी ती दुरुस्त करूनच पाठवी. फेब्रुवारी २००५ मध्यें हॅन्सन यांनीं मूळ मजकुरांत बदल करण्याचा अधिकार इतरांनाहि दिला. डिसेंबर २००५ मध्यें पहिली पक्की आवृत्ति निघाली. कॅनडांतील ओटावा शहरीं टोबियास ल्यूटके हे बर्फावरून घसरत जाण्याच्या फळ्या इंटरनेटवर विकीत. त्यांनीं आपलें दुकान रेल्सवर बांधलें, आणि त्या दुकानामधूनच पुढें शॉपिफाय ही प्रचंड कंपनी निघाली. २००६ मधलें ट्विटर आणि २००८ मधलें गिटहब हींहि प्रथम याच चौकटीवर उभीं राहिलीं. ॲपल कंपनीनें २००७ मध्यें आपल्या नव्या संगणकप्रणालीबरोबर ती दिली. पुण्यामध्येंहि रूबीवर काम करणाऱ्या तरुणांचीं संमेलनें भरलेलीं आहेत. बोटांवर मोजतां येतील इतक्या माणसांच्या कंपनीला जाहिरातीवर पैसा ओतून असा लौकिक मिळाला नसता.

परंतु दान दिलें कीं दात्याचें काम संपलें, असें या व्यवहारांत होत नाहीं. ट्विटर वाढलें आणि वारंवार बंद पडूं लागलें, तेव्हां दोषाचा मोठा वांटा लोकांनीं रेल्सच्या माथीं मारला. पुढें ट्विटरनें आपलीं बरींच कामें दुसऱ्या साधनांवर नेलीं. याहून कठीण प्रसंग जानेवारी २०१३ मध्यें आला. रेल्समध्यें असा दोष आढळला कीं, एखाद्या दुष्टाला परक्याच्या संगणकावर हवे ते हुकूम चालवितां यावेत. दुरुस्ती तांतडीनें काढावी लागली, आणि ती देशोदेशींच्या कारागिरांनीं आपापल्या वेबसाइटींवर तितक्याच तांतडीनें बसविणें प्राप्त झालें. परवान्याप्रमाणें कंपनी कोणाला पैचेंहि देणें लागत नव्हती. परंतु परवान्यांतून सुटलेला माणूस शब्दांतून सुटत नाहीं. ज्याच्या भरंवशावर हजारों संसार चालतात, त्याला मध्यरात्रींहि उठावें लागतें.

कंपनीच्या घरांतली रीतहि सांगण्यासारखी आहे. मोठें होण्याची घाई करूं नये, रात्र रात्र जागून काम करण्यांत भूषण मानूं नये, असें तिचे चालक सांगत आणि लिहीत आले. उन्हाळ्याच्या महिन्यांत आठवड्याला चारच दिवस काम ठेवण्याचा प्रघात त्यांनीं पाडला. तरीहि या शांत घराला वादळ चुकलें नाहीं. २०१४ पासून कंपनीनें बेसकॅम्प हेंच नांव घेतलें होतें. एप्रिल २०२१ मध्यें चालकांनीं नियम जाहीर केला कीं, कंपनीच्या अंतर्गत संभाषणांत सामाजिक व राजकीय वाद आणूं नयेत. कित्येकांना हा नियम अन्यायाचा वाटला; थोड्याच दिवसांत सुमारें एक तृतीयांश माणसें भरपाई घेऊन नोकरी सोडून गेलीं. नियम योग्य होता कीं अयोग्य, याविषयीं दोन्ही पक्षांना बोलण्यासारखें आहे. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. कंपनी हादरली, तरी रेल्स उभें राहिलें. रेल्सची देखभाल तोंपर्यंत अनेक कंपन्यांतल्या माणसांच्या हातीं गेलेली होती. तें जर कुलपांत राहिलें असतें, तर घराच्या भांडणांत त्याचेंहि नुकसान झालें असतें.

२०२२ मध्यें कंपनीनें आपलें जुनें नांव पुन्हां धारण केलें. त्याच सालीं शॉपिफाय, गिटहब आणि इतर कांहीं कंपन्यांसह तिनें रेल्ससाठीं एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन केलें. ज्यांनीं फुकट घेतलें होतें, त्यांतले कांहीं जण देणारांच्या पंक्तींत येऊन बसले. घेणारे सगळेच परत देतात असें नाहीं. बहुतेक देत नाहींत, आणि त्यांनीं द्यावेंच असा करारहि नाहीं.

तेव्हां ओट्यावर रंधा ठेवणारा तो सुतार शहाणा कीं वेडा? या हकीकतीवरून इतकें म्हणतां येतें कीं, आपण काय विकतों आणि काय वांटतों हें ज्याला नीट ठाऊक आहे, त्याला देण्याचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. मात्र रंधा ओट्यावर ठेवणाऱ्यानें एक गोष्ट आधींच मनाशीं पक्की करावी. त्याचें पातें बोथट झालें कीं लोक त्याच्याच दाराशीं येणार. त्या वेळीं दार उघडण्याची तयारी असली, तरच पाटी लावावी.